नोंदींचा मधला मुक्काम : लॉग क्लाउड साठ्यात पाठवणाऱ्या प्लगइनच्या मांडणीचा आढावा

सर्व्हरवर चालणारा प्रत्येक प्रोग्राम आपण काय केले, केव्हा केले आणि कुठे अडलो याची ओळीओळीने नोंद ठेवत असतो. या नोंदींना लॉग म्हणतात, आणि दुकानाच्या हिशेबात रोजकीर्दीला जे स्थान असते तेच यंत्रणेच्या कारभारात लॉगला असते. सर्व्हर मोजके होते तोवर हे लॉग त्याच यंत्राच्या डिस्कवर पडून राहिले तरी चालत असे, आणि फार तर एरिक ऑलमन यांनी १९८० च्या दशकात सेंडमेल या टपाल-प्रणालीबरोबर विकसित केलेल्या सिसलॉगच्या मार्गाने ते शेजारच्या यंत्राकडे पाठवले जात. आज मात्र कंटेनर, म्हणजे आपल्या गरजेपुरते सामान बरोबर घेऊन चालणारी प्रोग्रामची बंदिस्त प्रत, काही मिनिटांत उभा राहतो आणि काही मिनिटांत पुसला जातो. ज्या यंत्राची नोंद ठेवायची ते यंत्रच नोंदीपेक्षा अल्पायुषी झाल्यामुळे नोंद वेळेत उचलून टिकाऊ जागी नेणे हे स्वतंत्र काम बनले. हे काम करणाऱ्या प्रोग्रामला लॉग कलेक्टर म्हणतात, आणि उचललेला माल नेमका कुठे टाकायचा हे ठरवणाऱ्या त्याच्या सुट्या भागाला आउटपुट प्लगइन म्हणतात.

या क्षेत्रातील आजची प्रमुख साधने साधारण एकाच पिढीतील आहेत. जॉर्डन सिसेल यांनी सुरू केलेले लॉगस्टॅश पुढे इलॅस्टिक कंपनीच्या छत्राखाली गेले. सादायुकी फुरुहाशी यांनी २०११ मध्ये ट्रेझर डेटा कंपनीत फ्लुएन्टडी लिहिले, जे २०१६ मध्ये क्लाउड नेटिव्ह कॉम्प्युटिंग फाउंडेशनकडे आले आणि २०१९ मध्ये तेथील पूर्ण परिपक्व प्रकल्पांत गणले गेले. त्याच घराण्यात एडुआर्डो सिल्वा यांनी सी भाषेत लिहिलेले, कमी मेमरीत चालणारे फ्लुएन्ट बिट पुढे आले, आणि रस्ट भाषेतील व्हेक्टर त्यानंतरचे. माल जेथे पोहोचतो ती बाजू बहुतेक वेळा ॲमेझॉनच्या एस थ्रीची, किंवा तिच्याच बोलीत बोलणाऱ्या मिनआयओसारख्या साठ्याची असते. मार्च २००६ मध्ये खुली झालेली एस थ्री ही ऑब्जेक्ट स्टोरेज प्रकारची सेवा आहे. म्हणजे तिच्यात फोल्डर आणि फाइल अशी खरी रचना नसते, बकेट नावाच्या एका मोठ्या कोठारात प्रत्येक वस्तू आपल्या पूर्ण नावानिशी ठेवलेली असते, आणि नावातील तिरप्या रेघांमुळे फोल्डर असल्याचा केवळ भास होतो.

ऑब्जेक्ट स्टोरेजचा एक गुणधर्म या साऱ्या विषयाच्या मुळाशी आहे. एस थ्रीच्या सर्वसाधारण बकेटमध्ये एकदा ठेवलेल्या ऑब्जेक्टच्या शेवटी नवी ओळ जोडता येत नाही. बदल करायचा तर संपूर्ण ऑब्जेक्ट पुन्हा लिहावा लागतो. लॉग तर ओळीओळीने येत असतात. साहजिकच कलेक्टरला आलेल्या ओळी आपल्याजवळ थांबवून, त्यांची पुरेशी मोठी मोट बांधून, मगच ती एका दमात वर पाठवावी लागते. या थांबण्याच्या जागेला बफर आणि मोटेला चंक म्हणतात. प्लगइनची मांडणी करू पाहणाऱ्याचे लक्ष बहुधा बकेटचे नाव, रीजन (म्हणजे साठा जगाच्या कुठल्या विभागात आहे ते) आणि परवान्याची किल्ली या तीन ओळींवर खिळते. पण त्या ओळी चुकल्या तर बहुधा प्लगइन सुरूच होत नाही आणि चूक लगेच उघडी पडते. बफरची मांडणी चुकली तर मात्र सारे काही महिनोन्महिने सुरळीत चालल्यासारखे दिसते, आणि ज्या रात्री नोंदींची खरी गरज पडते त्याच रात्रीच्या नोंदी हाती लागत नाहीत. म्हणून या विषयातील खरा प्रश्न नोंद शेवटी कुठे जाते हा नसून, जन्मल्यापासून पोहोचेपर्यंतच्या मधल्या मुक्कामात ती कुणाच्या जबाबदारीवर असते हा आहे.

फ्लुएन्टडीच्या एस थ्री प्लगइनमध्ये हा मुक्काम किती लांबायचा हे मुख्यतः दोन मूल्ये ठरवतात. टाइमकी हे मूल्य काळाचे सारखे तुकडे पाडते, आणि टाइमकी वेट हे मूल्य तुकडा संपल्यावरही रेंगाळत येणाऱ्या ओळींसाठी किती काळ दार उघडे ठेवायचे ते सांगते. टाइमकी एक तास आणि वेट दहा मिनिटे असेल, तर सकाळी १० वाजून ५ मिनिटांनी जन्मलेली ओळ १० ते ११ या तासाच्या चंकमध्ये पडते आणि तो चंक ११ वाजून १० मिनिटांनी वर जातो; मधल्या ६५ मिनिटांत ती ओळ केवळ त्या एका यंत्रावर असते, आणि भार उतरला म्हणून ११ वाजून ५ मिनिटांनी ते यंत्र स्वयंचलितपणे काढून टाकले गेले तर त्याच्या डिस्कबरोबर ओळही जाते. याहून चिंतेची बाब अशी की या प्लगइनमध्ये टाइमकीचे ठरावीक मूल्य, म्हणजे काहीच न लिहिल्यास धरले जाणारे मूल्य, एक पूर्ण दिवस आहे. चंक आकाराने भरला तर तो मुदतीआधीही रवाना होतो हे खरे. पण ज्या सेवेचे लॉग थोडे आहेत तिच्या सकाळच्या नोंदी दुसऱ्या दिवशीपर्यंत बकेटमध्ये दिसणार नाहीत. मांडणीतील ही एक ओळ न लिहिणे हाही एक निर्णयच असतो, फक्त तो नकळत घेतलेला असतो.

मग टाइमकी एक मिनिटावर आणून का ठेवू नये, याचे उत्तर हिशेबात आहे. २०० सर्व्हर दर मिनिटाला एकेक ऑब्जेक्ट पाठवू लागले तर दिवसाला २,८८,००० आणि तीस दिवसांच्या महिन्याला ८६,४०,००० ऑब्जेक्ट होतात. तासाला एक पाठवल्यास हीच संख्या महिन्याला १,४४,००० राहते. ॲमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनिया रीजनच्या दराने दर हजार लिहिण्यांना अर्धा सेंट पडतो, म्हणजे पहिल्या पद्धतीत महिन्याला सुमारे ४३ डॉलर आणि दुसऱ्या पद्धतीत एक डॉलरही नाही. ही रक्कम एखाद्या मोठ्या संस्थेला किरकोळ वाटेल, पण खरा भुर्दंड पुढे बसतो : लाखो चिमुकल्या फाइली उघडून शोध घेणे थोड्या मोठ्या फाइली वाचण्यापेक्षा कितीतरी संथ असते, लहान मोटेवर जीझिप आकुंचनाचा लाभ कमी मिळतो, आणि क्वचित वाचल्या जाणाऱ्या मालासाठी असलेल्या स्वस्त वर्गात १२८ केबीपेक्षा लहान ऑब्जेक्टलाही १२८ केबीचाच आकार धरून भाडे लागते. सर्वसाधारण सेवेसाठी पाच ते पंधरा मिनिटांचा टप्पा आणि लेखापरीक्षण किंवा सुरक्षेच्या नोंदींसाठी त्याहून छोटा, वेगळा प्रवाह ठेवणे हा या दोन ओढींमधला समंजस मार्ग आहे. सगळ्याच लॉगना एकच मोजपट्टी लावण्याची गरज नसते.

ऑब्जेक्टचे नाव कसे तयार करायचे, हा भाग वरवर सजावटीचा वाटतो, पण नुकसानीचे एक मोठे कारण तेथेच दडलेले असते. फ्लुएन्टडीच्या प्लगइनमध्ये नावाचा ठरावीक साचा मार्ग, काळाचा तुकडा, अनुक्रमांक आणि फाइलचा प्रत्यय असा असतो. एकाच काळाच्या तुकड्यात दुसरा चंक आला तर अनुक्रमांक शून्यावरून एकवर जातो. पण शून्य क्रमांक आधीच वापरला गेला आहे हे प्लगइनला ठाऊक नसते, म्हणून तो प्रत्येक वेळी शून्यापासून सुरुवात करून त्या नावाचा ऑब्जेक्ट आहे का असे एस थ्रीला विचारत जातो आणि जे पहिले नाव मोकळे सापडेल ते घेतो. दोनशे सर्व्हर एकाच मार्गावर, एकाच तुकड्यात, यंत्राचे नाव न घालता लिहू लागले तर पहिल्याला एकदा विचारावे लागते आणि शेवटच्याला दोनशे वेळा, म्हणजे एकूण विचारणा २०,१०० होतात. खर्चापेक्षाही धोका वेगळा आहे : दोन यंत्रांनी एकाच क्षणी विचारले आणि दोघांनाही तेच नाव मोकळे असल्याचे उत्तर मिळाले, तर नंतर लिहिणारा आधीच्याचा माल पुसून टाकतो आणि दोघांच्याही दप्तरी काम यशस्वी झाल्याची नोंद राहते. विचारणे आणि लिहिणे या दोन क्रिया अलग असल्यामुळे हा फटीचा क्षण उरतोच. उपाय सोपा आहे : साच्यात यंत्राचे नाव घालून त्याला यादृच्छिक ओळख-क्रमांक जोडावा, आणि मग चेक ऑब्जेक्ट हा पर्याय बंद करावा, म्हणजे विचारणाही थांबतात आणि टक्करही टळते. ओळख-क्रमांक निवडताना मात्र एक भेद लक्षात ठेवावा लागतो. पाठवणी अर्धवट राहून पुन्हा झाली तेव्हा क्रमांक बदलत असेल तर तोच माल दोन नावांनी दोनदा साठतो, आणि क्रमांक चंकशी बांधलेला असेल तर दुसरी खेप पहिलीच्याच जागी बसते.

मार्गात टॅग, म्हणजे नोंद कुठल्या सेवेची हे सांगणारी चिठ्ठी, वापरायची असेल तर तीच टॅग बफरच्या किल्ल्यांतही, म्हणजे कुठली ओळ कुठल्या चंकमध्ये पडेल हे ठरवणाऱ्या यादीतही, लिहावी लागते, कारण एका चंकमधील सगळ्या ओळींची टॅग एकच असेल तरच त्या चंकला एक नाव देता येते. येथेच उत्साहाने वापरकर्त्याचा क्रमांक किंवा विनंतीचा क्रमांक किल्लीत घातला, तर प्रत्येक वापरकर्त्यामागे एक चंक तयार होतो आणि बफर हजारो रिकाम्या पाकिटांनी भरून जातो. किल्लीत घालायची गोष्ट मोजकी मूल्ये घेणारी असावी : सेवेचे नाव, वातावरणाचे नाव, काळ. एवढ्याने भागते.

भारतातील यंत्रणांत काळाचा आणखी एक पेच असतो. कंटेनर आणि क्लाउडमधील यंत्रे बहुधा जागतिक समन्वित वेळेवर, म्हणजे यूटीसीवर, चालतात आणि भारतीय प्रमाणवेळ तिच्यापुढे साडेपाच तास असते. १५ ऑगस्टला मध्यरात्रीनंतर दहा मिनिटांनी घडलेली घटना यूटीसीनुसार १४ ऑगस्टच्या सायंकाळी ६ वाजून ४० मिनिटांची असते आणि बकेटमध्ये १४ तारखेच्या मार्गावर जाऊन बसते; १५ तारखेच्या नावाखाली शोधणाऱ्याला ती दिसत नाही आणि नोंदच झाली नाही असा तो निष्कर्ष काढतो. साडेपाच तासांतील तो अर्धा तास आणखी त्रासदायक आहे, कारण यूटीसीचे तासाचे तुकडे भारतीय घड्याळात नेहमी साडेच्या ठोक्यावर सुरू होतात. फ्लुएन्टडीत टाइमकी झोन लिहून भारतीय वेळेचे तुकडे पाडता येतात. पण ज्या संस्थेची यंत्रे अनेक देशांत आहेत तिने सगळीकडे यूटीसीच ठेवून, प्रत्येक ओळीतील वेळेबरोबर विभागाचा फरकही लिहिणे अधिक निर्धोक ठरते. दोन्ही मार्ग चालतात. अर्ध्या सेवा एका वेळेवर आणि अर्ध्या दुसऱ्या वेळेवर, ही स्थिती मात्र चालत नाही.

बफर मेमरीत ठेवायचा की डिस्कवर, हा पुढचा निर्णय. मेमरीतील बफर वेगवान असतो, परंतु प्रक्रिया अचानक मेली तर त्यातील सारे काही जाते. डिस्कवरील बफर कलेक्टर पुन्हा सुरू झाल्यावर जिथे काम थांबले होते तिथून पुढे नेतो. लॉग ठेवण्याचा हेतू बिघाडाचे कारण शोधणे हा असेल, तर बिघाडातच नाहीसा होणारा बफर निवडणे हे हेतूशी विसंगत आहे, आणि म्हणून डिस्क हीच योग्य निवड मानावी लागते. पण कुठली डिस्क? फ्लुएन्ट बिटच्या एस थ्री प्लगइनमध्ये साठवणीची ठरावीक जागा टीएमपी या तात्पुरत्या निर्देशिकेखाली असते. कलेक्टर स्वतःच कंटेनरमध्ये चालत असेल तर कंटेनर बदलताच ती जागाही जाते, म्हणून ती यजमान यंत्राच्या डिस्कवर मुद्दाम नेऊन ठेवावी लागते. फ्लुएन्टडीच्या फाइल बफरची एकूण मर्यादा काही न लिहिल्यास ६४ जीबी धरली जाते, आणि यंत्राची डिस्कच २० जीबीची असेल तर मर्यादा गाठण्याच्या कितीतरी आधी डिस्क भरते आणि लॉगच्या जोडीने मूळ सेवाही कोलमडते. मर्यादा डिस्कला साजेशी, आणि बफरसाठी जागा स्वतंत्र, ही व्यवस्था किमान समजावी.

मर्यादा गाठली गेल्यावर काय करायचे, याचे तीन पर्याय फ्लुएन्टडी देते : चूक दाखवून निर्णय आत येणाऱ्या बाजूवर सोडणे, आत येणारा ओघ अडवून धरणे, किंवा सर्वांत जुना चंक टाकून देणे. फाइल वाचून लॉग येत असतील तर ओघ अडवणे शहाणपणाचे असते, कारण ओळी मूळ फाइलीत सुरक्षित असतात आणि कुठपर्यंत वाचले याची खूण कलेक्टर जपून ठेवतो. या सुरक्षिततेलाही कड असते. कुबरनेटीस या कंटेनर चालवणाऱ्या प्रणालीत प्रत्येक कंटेनरची लॉग फाइल १० एमबीची झाली की नवी सुरू होते आणि अशा पाचच फाइली राखल्या जातात, हे तिथले ठरावीक मूल्य आहे. म्हणजे बडबड्या सेवेचा कलेक्टर अडून राहिला तर सुमारे ५० एमबीनंतर जुन्या ओळी मागच्या दाराने निघून जातात.

पाठवणी फसली तर प्लगइन पुन्हा प्रयत्न करतो, आणि दर वेळी आधीच्या दुप्पट थांबतो : एक सेकंद, दोन, चार, आठ. दूरची सेवा अडचणीत असताना तिच्यावर आणखी भार पडू नये म्हणून ही पद्धत योग्यच आहे. परंतु फ्लुएन्टडीत प्रयत्नांची एकूण मुदत ७२ तासांची धरलेली असते आणि थांबण्याच्या काळाला वरची मर्यादा नसते, त्यामुळे सोळा वेळा दुप्पट झाल्यावर पुढची थांबणूक ६५,५३६ सेकंदांची, म्हणजे अठरा तासांहून अधिक असते. शुक्रवारी सायंकाळी कुणी परवान्यात बदल केला, सोमवारी सकाळी तो दुरुस्त झाला, तरी दुरुस्तीनंतरही प्लगइन आपल्या पुढच्या पाळीची वाट पाहत कित्येक तास गप्प बसू शकतो. आणि सोमवारी सायंकाळपर्यंत कुणाच्या लक्षातच आले नाही, तर मुदत संपल्याने रांगेतील चंक टाकून दिले जातात. थांबणुकीला काही मिनिटांची कमाल मर्यादा घालणे, आणि मुदत संपत आल्यावर चंक स्थानिक फाइलीत उतरवणारे दुय्यम आउटपुट जोडणे, या दोन छोट्या भरी या धोक्याचा बराचसा भाग दूर करतात. इतक्या थोड्या श्रमात इतके नुकसान टळत असूनही त्या वगळल्या जाव्यात, हे खेदाचे आहे.

इतर साधनांत मूल्यांची नावे बदलतात, प्रश्न तेच राहतात. लॉगस्टॅशचा एस थ्री प्लगइन तात्पुरत्या फाइलीत लिहून ती ५ एमबीची झाली किंवा १५ मिनिटे उलटली की वर चढवतो. व्हेक्टर १० एमबी किंवा ३०० सेकंद, जे आधी होईल ते, अशी मोट बांधतो आणि नावात यादृच्छिक क्रमांक आपणहून घालतो, जे फ्लुएन्टडीच्या जुन्या साच्यापेक्षा निश्चितच सुज्ञपणाचे आहे. फ्लुएन्ट बिट मोठा ऑब्जेक्ट हप्त्याहप्त्याने चढवू शकतो. एस थ्रीच्या नियमानुसार शेवटचा वगळता प्रत्येक हप्ता किमान ५ एमबीचा असावा लागतो, आणि मध्येच सुटलेले हप्ते बकेटच्या नेहमीच्या यादीत दिसत नसले तरी त्यांचे भाडे चालू राहते, म्हणून ते ठरावीक दिवसांनी काढून टाकणारा नियम बकेटवर लावणे अगत्याचे आहे. मायक्रोसॉफ्टच्या अझूरमध्ये अपेंड ब्लॉब हा शेवटी जोडता येण्याजोगा प्रकार आहे, पण त्यातही जास्तीत जास्त ५०,००० तुकडेच बसतात. मोट बांधण्यातून तिथेही पूर्ण सुटका नाही.

परवान्यांच्या बाबतीत मतभेदाला फारशी जागा नाही. कायमची किल्ली मांडणीच्या फाइलीत लिहिली की ती फाइल जिथे जिथे जाईल तिथे किल्लीही जाते. यंत्राला किंवा कंटेनरला भूमिका देऊन अल्पकाळ टिकणारा परवाना मिळवणे हाच स्वीकारार्ह मार्ग आहे. लिहिणाऱ्याला फक्त लिहिण्याची मुभा असावी, हे तत्त्वही सर्वमान्य आहे, पण ते अमलात आणताना एक खाच आडवी येते. फ्लुएन्टडीचा प्लगइन सुरू होताना आणि नाव मोकळे आहे का हे पाहताना बकेटची यादी पाहण्याचा परवाना गृहीत धरतो. तो नसेल तर अस्तित्वात नसलेल्या ऑब्जेक्टसाठीही एस थ्री 'सापडले नाही' या ४०४ ऐवजी 'मनाई' हे ४०३ उत्तर देते. आणि सुरुवातीच्या तपासणीत उमटणारा संदेश तर किल्ली किंवा रीजन तपासा असे सुचवतो, त्यामुळे किल्ली बरोबर असतानाही तीच बदलत बसण्यात वेळ जातो. दोन्ही तपासण्या बंद करून केवळ लिहिण्याचा परवाना देता येतो, अर्थात नाव आधी सांगितल्याप्रमाणे टक्कर टाळणारे असेल तरच. बकेट नसल्यास ती आपोआप तयार करण्याचा पर्यायही मुळात चालू असतो; नावातील एका अक्षराच्या चुकीने नवीच बकेट उभी राहू नये म्हणून तो बंद ठेवावा.

भारतीय संस्थांसाठी हा विषय आता केवळ सोयीचा राहिलेला नाही. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार माहिती-तंत्रज्ञान प्रणालींचे लॉग सरकत्या १८० दिवसांसाठी भारतीय अधिकारक्षेत्रात जपणे, घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवलेली ठेवणे, आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणे बंधनकारक झाले. साठ्याची जागा देशातच मिळण्यात अडचण नाही. ॲमेझॉनचे मुंबई रीजन २०१६ पासून आणि मायक्रोसॉफ्टचे पुणे येथील केंद्र २०१५ पासून चालू आहे. अडचण मधल्या मुक्कामाची आहे. सहा तासांत कळवायच्या घटनेचे लॉग दिवसभराच्या टाइमकीमुळे यंत्रावरच अडकलेले असतील आणि घुसखोराने तेच यंत्र पुसले असेल, तर देशातील बकेट असूनही हाती काही लागत नाही. त्याच विचाराने, एकदा ठेवलेला ऑब्जेक्ट मुदतीपर्यंत कुणालाही पुसू न देणारे ऑब्जेक्ट लॉक सुरक्षेच्या नोंदींवर लावणे योग्य ठरते. मात्र न पुसता येणाऱ्या जागी आधार क्रमांक, कार्ड क्रमांक किंवा पासवर्ड चुकून गेला तर तोही पुसता येत नाही. म्हणून अशी माहिती झाकण्याचे फिल्टर आउटपुटच्या आधी, कलेक्टरमध्येच, बसवणे आवश्यक असते.

मांडणी बरोबर आहे की नाही हे ती वाचून पुरते कळत नाही. बफरमध्ये किती चंक रांगेत आहेत, किती वेळा पुन्हा प्रयत्न झाले आणि शेवटचा ऑब्जेक्ट केव्हा पोहोचला, या तीन आकड्यांवर इशारा लावलेला असावा. तिसरा आकडा विशेष मोलाचा, कारण कलेक्टरच बंद पडला असेल तर पहिले दोन सांगायला कुणी उरत नाही आणि तिसरा बकेटच्या बाजूने पाहता येतो. याशिवाय चाचणी यंत्रावर क्रमांक घातलेल्या एक लाख ओळी लिहाव्यात, मध्येच नेटवर्क तोडावे, कलेक्टर सक्तीने मारून पुन्हा सुरू करावा, आणि शेवटी बकेटमधील फाइली उघडून क्रमांक मोजावेत. काही क्रमांक दोनदा आलेले आढळतील. किमान एकदा पोहोचवण्याची हमी देणाऱ्या व्यवस्थेत ते अपेक्षित असते आणि वाचताना ते गाळता येतात. एकही क्रमांक गहाळ असेल तर ती मांडणी कामावर लावू नये, आणि कलेक्टरची आवृत्ती बदलेल तेव्हा हीच मोजणी प्रत्येक प्रशासकाने पुन्हा करावी.